कालच्यापेक्षा किती?

आजच्या आकड्याशेजारी कालचा आकडा, मध्ये एक बाण, हिरवा नाहीतर लाल. मागणी एवढीच. मागणारा वर म्हणतो, "फक्त एक कॉलम वाढवायचाय." रिपोर्ट बनवणाऱ्यांचे सगळ्यात जास्त तास या 'फक्त'ने खाल्ले आहेत, असं माझं ठाम मत आहे.

काल म्हणजे कोणता, हे आधी विचारून घ्यावं. सोमवारचा काल रविवार, आणि रविवारी कामकाज बंद. मग 'मागचा कामाचा दिवस' असं ठरतं. त्यासाठी सुट्ट्यांचा तक्ता लागतो, आणि तो कोण भरणार या प्रश्नावर बैठक लगेच संपते. विक्री वारानुसार हलत असेल तर सरळ ७ दिवस मागे जावं. वर्षापूर्वीच्या दिवसाशी तुलना असेल तर ३६५ नव्हे, ३६४ दिवस मागे. ते बरोबर ५२ आठवडे होतात, म्हणून शनिवारसमोर शनिवारच येतो. महिन्यांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२३ चे दिवस २८ आणि फेब्रुवारी २०२४ चे २९, त्यामुळे रोजची विक्री जराही न वाढता साडेतीन टक्के वाढ पदरात पडते. ती कोणाच्या नेतृत्वाखाली झाली, यावर स्लाइडही तयार होते.

आता 'लॅग'. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तिच्यातलं हे फंक्शन मागच्या ओळीतला आकडा आणून देतं, पण स्वभावाने भोळं आहे. त्याला तारीख कळत नाही, आधीची ओळ तेवढी कळते. समजा, साबणाचे ३ तारखेला ४० नग गेले, ४ ला एकही नाही, ५ ला ६०. चार तारखेला विक्रीच नाही, म्हणून टेबलात तिची ओळच नाही. 'लॅग' निरागसपणे ५ च्या शेजारी ४० आणून ठेवतं आणि रिपोर्ट म्हणतो, कालच्यापेक्षा ५० टक्के वाढ! त्यातून 'पार्टिशन बाय', म्हणजे प्रत्येक वस्तूचा हिशोब वेगळा ठेवायची सूचना, लिहायची राहिली, तर साबणाचा काल म्हणून बादलीचा आकडाही येऊ शकतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. एकही दिवस न गाळलेला कॅलेंडर टेबल घ्यायचा, वस्तूंशी क्रॉस जॉइन करायचा (म्हणजे प्रत्येक दिवसासमोर प्रत्येक वस्तू येते), त्याला विक्री लेफ्ट जॉइनने (म्हणजे विक्री नसली तरी ओळ टिकते) जोडायची आणि रिकाम्या जागी ० भरायचं. हे शून्य फक्त विक्रीसाठी. शिल्लक मालाला तोच न्याय लावला, तर ज्या दिवशी मोजणी नाही त्या दिवशी गोदाम साफ रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी आपोआप भरतं. तिथे शेवटची मोजलेली शिल्लक पुढे ओढायची.

एवढं करूनही कालचा रकाना कोराच येतो. कारण त्याच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) 'व्हेअर'मध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटीत, आजची तारीख घातलेली असते. 'व्हेअर' आधी चालतं, 'लॅग' नंतर. म्हणजे कालच्या ओळीला आधी हाकलायचं आणि मग तिचा पत्ता विचारायचा. 'लॅग' सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीत ठेवा, तारखेची चाळण बाहेर.

यानंतर घड्याळ. सकाळी ११ वाजता आजचे ११ तास आणि कालचे २४ तास शेजारी उभे केले, की धंदा रोज सकाळी बुडतो आणि रात्री सावरतो. कालचा दिवसही त्याच वेळेला कापावा. आणि ती वेळ भिंतीवरच्या घड्याळाची नको, डेटा शेवटचा जिथपर्यंत आला आहे तिथली. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या टूलमध्ये हाच घोळ महिन्याच्या पातळीवर होतो. तिथलं फंक्शन 'पॅरलल पीरियड' मागचा आख्खा महिना उचलून आणतं. 'डेट अ‍ॅड' निवडलेल्या तारखा तेवढ्या मागे सरकवतं, पण निवडीत चालू महिन्याच्या पुढच्या तारखाही असतील तर तेही आख्खाच महिना आणतं.

टक्केवारीचा स्वभाव तर आणखी विचित्र. काल २ लाखांचा तोटा, आज ३ लाखांचा नफा. फरक ५ लाख, भागिले उणे २ लाख. उत्तर उणे २५० टक्के, बाण लालभडक. तोट्यातून वर आल्याची ही शिक्षा! पाया, म्हणजे ज्याने भागायचं तो कालचा आकडा, असा उणे असेल तिथे मी टक्के काढून टाकतो आणि नुसता फरक दाखवतो. पाया शून्य असेल तर तो खण रिकामा सोडतो. आणि तक्रारी कमी झाल्या तर बाण खाली पण हिरवा, हे प्रत्येक मापासाठी वेगळं सांगावं लागतं. टूलला चांगलं-वाईट कळत नाही.

शेवटी एक करावंच: रकान्याच्या मथळ्यात नुसतं 'काल' न लिहिता 'बुध, ५ मार्च २०२५, सकाळी ११ पर्यंत' असं लिहावं. दोनच दिवसांत निरोप येतो, "मथळा फार लांब झालाय, छोटा करा. जागा वाचली की मागच्या तिमाहीचाही फक्त एक कॉलम बसवून टाका."