कागद वाळू द्या हो!

सकाळी पाहिलेला एका मुलाचा व्हिडिओ डोक्यातून जात नाहीये. '20 मिनिटांत ग्रेटा ब्रिज', म्हणजे एका जुन्या जलरंगचित्राची नक्कल! आधी काळ्या पेनाने पुलाची बाह्यरेषा, मग ओल्यातच हिरवा-तपकिरी चिखल, वर ढगांसाठी पोस्टर कलरचा पांढरा.

इंग्लिश चित्रकार जॉन सेल कॉटमनचं हे मूळ जलरंगचित्र 1805 च्या सुमाराचं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जेमतेम 23 बाय 33 सेंटिमीटर. इंग्लंडमधल्या तेव्हाच्या यॉर्कशायरमधली संथ ग्रेटा नदी, एका कमानीचा दगडी पूल, पात्रातले खडक, मागे झाडी. बस्स. तो पूल रेषेवर उभा नाही. शेजारच्या गडद वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट थराची, कड जिथे थांबते, तिथे पूल सुरू होतो. ती कडच पेनाने मारून टाकली, तर उरलं काय?

आणि तो पोस्टर कलरचा पांढरा? त्याच काळातला चित्रकार टर्नर अपारदर्शक पांढरा वापरायचा, मान्य. पण हे चित्र त्या जातीचं नाही.

करायचंच असेल तर 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कॉटन कागद 5 मिनिटं भिजवा, गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) बोर्डावर ताणा, रात्रभर आडवा वाळू द्या. उजळ जागा आधीच ठरवून कोऱ्या सोडा. वॉश लागेल त्याच्या दुप्पट कालवा. अर्ध्यात संपला तर दुसऱ्यांदा तोच रंग जमत नाही आणि जोड दिसतो. बोर्डाला थोडा उतार द्या, भरलेला ब्रश आडवा ओढा, खाली साचलेला ओलावा पुढच्या फटकाऱ्यात घ्या, शेवटचा कोरड्या ब्रशने टिपा. आणि मग हात लावू नका! अर्धवट ओल्यात पाणी पडलं की रंग मागे ढकलला जाऊन फुलकोबीसारखा डाग उठतो. व्हिडिओत झाडीवर तेच झालं, आणि त्यावर त्याने हेअर ड्रायर धरला. ओल्यावर झोत मारला की रंग वाऱ्याबरोबर पळतो.

आपल्याकडे पावसाळ्यात एक वॉश वाळायला तासभरही लागतो. दमट कपाटातला जुना कागद तर घेऊच नका. त्याचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत मुरू न देणारा लेप, गेलेलं असतं, रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो.

त्या मुलाचा हात चांगला आहे, म्हणूनच जीव तुटतो. खडकांचे कोन त्याने नेमके पकडले होते. पेन ठेव बाबा बाजूला. पुलाखालचा गडद वॉश सगळ्यात शेवटी, कागद पूर्ण कोरडा झाल्यावर, एका दमात टाक. कड थोडी हलली तरी पुसायला जाऊ नकोस.