पंखे काढल्याने डेस्कटॉप शांत होत नाही: फिरत्या मेसेजमधल्या पाच उपायांना उत्तर

‘डेस्कटॉप फार आवाज करतो? फक्त एवढं करा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यात पाच उपाय दिलेत. एक, कॅबिनेटमधले जादा पंखे काढून टाका. पंखे जितके कमी तितका आवाज कमी. दोन, कॅबिनेटला आतून फोम चिकटवा. तीन, लिक्विड कूलर (पाण्यासारख्या द्रवाने प्रोसेसर थंड करणारं यंत्र) बसवा, आवाज शून्य. चार, पंखा घरघरत असेल तर त्यात डब्ल्यूडी-४० चा फवारा मारा. पाच, तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर प्रोसेसर जळेल.

यातला एकही उपाय सांगितलाय तसा बरोबर नाही, आणि एकदोन तर चांगला पंखा कामातून घालवणारे आहेत. माझ्या मावसभावाने पहिला उपाय करून पाहिला आणि दोन दिवसांनी त्याचा फोन आला, ‘ताई, दोन पंखे काढले तरी आवाज उलट वाढलाय गं.’ म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

पंख्यांच्या संख्येपासूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पंख्याचा आवाज ठरतो मुख्यतः त्याच्या वेगावर, आणि वेगाबरोबर तो फार झपाट्याने वाढतो. स्थूल नियम असा आहे की पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. आता हिशोब करा. मिनिटाला १४०० फेऱ्यांवर फिरणारा एक पंखा काढला आणि त्याच्या जागी ७०० फेऱ्यांचे दोन लावले, तर १५ गेले, ३ आले, म्हणजे एकूण आवाज १२ डेसिबलने कमी झाला. १० डेसिबलचा फरक आपल्या कानाला साधारण निम्मा वाटतो. कॅबिनेटमध्ये जाळ्या, केबल्स असे अडथळे असल्यामुळे दोन पंख्यांची हवा अगदी दुप्पट होत नाही हे खरं, पण आवाजातला फायदा एवढा मोठा आहे की वेग थोडा वाढवावा लागला तरी गणित तुमच्याच बाजूने राहतं. शांत मशीन बांधणारे लोक १४० मिमीचे मोठे पंखे हळू फिरवतात ते याचसाठी.

भावाकडे नेमकं काय झालं होतं ते सांगते. त्याच्या कॅबिनेटला समोर दोन पंखे होते आणि मागे एक. त्याने समोरचे दोन्ही काढले. रात्री घर शांत झाल्यावर मी कॅबिनेट उघडून बसले, जाड कागदाची सुरळी केली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका भागाजवळ नेलं. मागच्या पंख्याजवळ नेताच कान भरून गेला. त्याची वायर पाहिली तर तीन पिनांची. बायोस (मशीन सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग्ज) उघडलं तर त्या हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवर पंखा जोडायच्या जागेवर, पीडब्ल्यूएम मोड निवडलेला. पीडब्ल्यूएम मोड चार पिनांच्या पंख्यासाठी असतो. त्यात चौथ्या पिनेवरून वेगाचा संकेत जातो आणि पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट कायम मिळत राहतात. तीन पिनांच्या पंख्याला तो संकेत पोचतच नाही, त्यामुळे तो दिवसरात्र पूर्ण वेगाने फिरतो. म्हणजे भावाने जे दोन पंखे काढले ते बिचारे हळू फिरणारे होते, आणि गोंगाट करणारा जागच्या जागी राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते असं. वर समोरून थंड हवा येणं थांबल्यामुळे ग्राफिक्स कार्ड तापलं आणि हलक्या कामात एरवी बंद असणारे त्याचे पंखेही सुरू झाले. आम्ही मागच्या पंख्याचा मोड डीसी केला, म्हणजे व्होल्टेज कमी करून वेग उतरवणारा, समोरचे दोन्ही परत बसवून ७०० फेऱ्यांच्या आसपास ठेवले. थोडे स्क्रू आणि बायोसमधले एकदोन बदल, एवढंच काम होतं.

म्हणून काहीही काढण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधा. बायोसमधून किंवा सॉफ्टवेअरमधून एकेका पंख्याचा वेग मिनिटभर कमी करून ऐका. फिरत्या पात्यांत बोट किंवा पेन घालू नका. आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा कुतूहल म्हणूनही उघडू नका. प्लग काढल्यावरसुद्धा त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

आता पाचवा मुद्दा आधी घेते, कारण तो पहिल्याच्या थेट विरोधात जातो. एकीकडे पंखे काढा म्हणायचं आणि दुसरीकडे ६० अंशांची रेघ मारायची, तर उरलेल्या पंख्यांनी ऊर फुटेस्तोवर पळण्यावाचून दुसरं करायचं काय?

प्रोसेसर जळण्याची भीती निराधार नव्हती, पण ती जुनी आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून दाखवला होता. त्या वेळचा एएमडीचा ॲथलॉन प्रोसेसर बघता बघता जळला, इंटेलचा पेंटियम ४ मात्र स्वतःचा वेग कमी करून चालत राहिला. आज हे संरक्षण सगळ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये असतं. मर्यादा जवळ आली की तो आधी वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीची २०२२ मध्ये आलेली रायझन ७००० मालिका तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाईल असं धरूनच बनवलेली आहे. तुमच्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या पानावर बघा; जड कामात ७५–८० अंश दिसले तर घाबरण्यासारखं काहीही नाही.

आणि ही ६० ची भीती टाकली की सगळ्यात त्रासदायक आवाज कमी करता येतो: पंखा सारखा चढतो-उतरतो तो. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात १०–१५ अंशांनी उडी मारतं आणि तितक्याच लवकर खाली येतं. पंखा प्रत्येक उडीमागे धावतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, अशा हुंदक्यांची होत नाही. बायोसमधल्या फॅन कर्व्हमध्ये (किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल तो आलेख) ६५ अंशांपर्यंत रेघ सपाट ठेवा, तिथून पुढे हळूहळू चढवा, आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा. ग्राफिक्स कार्डालाही हेच लागू आहे. गेमचे फ्रेम (सेकंदाला काढली जाणारी चित्रं) स्क्रीनला जेवढे लागतात तेवढ्यावरच बांधून ठेवले की वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि पंखे आपोआप शांत होतात. ग्राफिक्स कार्डातून बारीक शिट्टीसारखा जो आवाज येतो तो तर पंख्याचा नसतोच. वीज वाहणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या कंप पावतात, त्याचा असतो. फ्रेम बांधल्यावर बऱ्याचदा तोही उतरतो.

लिक्विड कूलरबद्दल थोडक्यात. त्यातही पंखे असतात, रेडिएटरवर, म्हणजे तापलेला द्रव जिथे थंड होतो त्या जाळीवर. शिवाय एक पंप असतो आणि तो मशीन चालू असेपर्यंत फिरत राहतो. मोठा रेडिएटर हळू पंख्यांवर भागवतो हा त्याचा खरा फायदा, आणि खूप उष्णता टाकणाऱ्या प्रोसेसरला तो उपयोगी पडतो. पण घरगुती कामासाठी टॉवरसारखा मोठा हवेवरचा कूलर अनेकदा जास्त शांत राहतो, कारण त्यात पंपाची गुणगुण नसते. कूलर आधीच घेतला असेल आणि आतून खळखळ ऐकू येत असेल, तर पंप सगळ्यात उंचावर तर नाही ना ते बघा. आतली हवा उंच जागी साचते. ती पंपात न साचता रेडिएटरच्या वरच्या टोकाला साचायला हवी.

डब्ल्यूडी-४० चा सल्ला वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण तो करून पाहणारे बरेच असतील आणि पहिले काही दिवस तो लागू पडल्यासारखाही वाटेल. या नावाचा अर्थच ‘पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न’ असा आहे; १९५३ मध्ये ते गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. ते पातळ असतं. पंख्याच्या बेअरिंगमधलं मूळचं वंगण ते विरघळवून बाहेर काढतं आणि स्वतः तिथे फार काळ टिकत नाही. मग घरघर आधीपेक्षा जोरात परत येते. त्याआधी साध्या गोष्टी बघा. मशीन बंद करून, प्लग काढून पातं बोटाने हलकेच फिरवा. एखादी वायर घासतेय का? एका पात्यावर धुळीचा थर जाड बसून तोल गेलाय का? स्क्रू सैल आहे का? ब्रशने धूळ झाडा, आणि हवेचा फवारा मारणार असाल तर पातं धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंगच खराब होतं. एवढं करून पातं डुगडुगत असेल तर बेअरिंग झिजलंय. त्याच मापाचा, तेवढ्याच पिनांचा नवा पंखा लावा.

राहिला फोम. फोम उंच पट्टीचे आवाज शोषतो, खर्जातले नाही. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तिची घुमणारी गुणगुण १२० हर्ट्झची. त्या ध्वनीची लहर पावणेतीन मीटरहून थोडी जास्त लांब असते आणि ती नीट शोषायला लहरीच्या चौथाईएवढी जाडी लागते, म्हणजे सुमारे ७० सेंटीमीटर. एक सेंटीमीटरचा फोम तिथे काय करणार? तो जाळ्या झाकेल, उष्णता कोंडेल आणि पंखे आणखी पळवेल. डिस्कच्या गुणगुणीवर उपाय म्हणजे स्क्रूखाली रबराचे वॉशर, म्हणजे कंप पत्र्यात उतरत नाही. पत्रा थरथरत असेल तर त्यावर जड डांबरी शीट चिकटवतात, ते वेगळं आणि योग्य आहे.

भणभण येते-जाते, येते-जाते असं होत असेल तर तिथेही फोम नको. सात पात्यांचे दोन पंखे, एक १२०० फेऱ्यांवर आणि दुसरा १२३० वर फिरत असले, तर त्यांचे सूर १४० आणि १४३.५ हर्ट्झ होतात आणि सेकंदाला साडेतीन वेळा आवाज फुगतो-बसतो. एकाचा वेग १००० वर आणा, ते हिंदकळणं तिथल्या तिथे थांबेल.

एक आवाज मात्र फोमने, रबराने, कशानेच दाबू नका. हार्ड डिस्क आधी नुसती गुणगुणत होती आणि आता मधूनच ठरावीक लयीत टक-टक करते, फाइल उघडताना अडखळते, असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तिच्यातले फोटो, कागदपत्रं आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.