जार ३५ रुपयांचा, आतलं पाणी कसलं?

उन्हाळा लागला की हा मेसेज फिरू लागतो: ‘नळाचं पाणी म्हणजे आजाराला आमंत्रण. जार लावा. शुद्ध आरओचं पाणी, तेही गॅसपेक्षा स्वस्त. उकळून टीडीएस जात नाही. आणि बाटल्या भंगारवाला नेतोच, मग कचरा कसला?’ एकेक वाक्य घेऊ.

‘जार म्हणजे शुद्ध पाणी.’

कुठला जार? सीलबंद, पारदर्शक, २० लिटरचा असेल तर त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असते. तो ८०-१०० रुपयांना पडतो. मेसेजमधला स्वस्त जार हा नव्हे. तो म्हणजे ३०-४० रुपयांचा रंगीत ‘चिल्ड’ जार. फिरकीचं झाकण, सील नाही, तारीख नाही. पाणी कधी भरलं आणि आतून कधी घासला, हे कळायला काहीच मार्ग नाही. एकदा त्याच्या तोटीत पांढऱ्या कापडाची वात घालून फिरवून बघा. चिकट, बुळबुळीत थर हाताला लागला तर पुढचं सांगायला नको.

आता खरी गोम. आरओ यंत्रात पाणी गाळणाऱ्या बारीक पडद्याला क्लोरीन चालत नाही, म्हणून आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये ते काढून टाकतात. म्हणजे प्लांटमधून निघालेल्या पाण्यात जंतू रोखायला काहीच उरत नाही. तोटी, झाकण किंवा भरणाऱ्याचा हात यातून जंतू शिरला की त्याला रान मोकळं. नळाच्या पाण्यात निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं मानक आहे.

पुण्यात २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी आरओ प्लांटचं पाणी तपासलं आणि ते दूषित आढळल्यावर प्लांट बंद केले. तिथे नळाला येणारं विहिरीचं पाणीही संशयात होतं, तेव्हा नळ निर्दोष असं आम्ही म्हणत नाही. जार निर्दोष नाही, एवढंच.

‘उकळून टीडीएस जात नाही.’

बरोबर. पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू टीडीएस मीटरवर दिसतच नाहीत. गटाराचा अंश मिसळलेलं पाणीही १५० दाखवू शकतं. मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅम टीडीएसपर्यंतचं पाणी आरओविना चालतं, आणि मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथे, किंवा फ्लोराइडवाल्या बोअरवेलवर मात्र उकळून भागत नाही. पाणी आटतं आणि क्षार आणखी दाट होतात. तिथे आरओ हवाच. तिथल्या लोकांना ‘जार सोडा’ असं शहरातून सांगणं आगाऊपणाचं आहे.

‘गॅसपेक्षा जार स्वस्त.’

चौघांच्या घरात जार दोन दिवस पुरतो असं धरू. महिन्याला १५ जार, म्हणजे ३०० लिटर. ३५ रुपयांनी ५२५, सीलबंद ८० रुपयांनी १,२००. आता गॅस. झाकण ठेवून २० लिटर पाणी उकळायला साधारण २२५ ते २३० ग्रॅम एलपीजी लागतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेतीन किलो. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरला तर २२० रुपयांच्या आत-बाहेर. चार महिन्यांत एक सिलिंडर जादा, इतकाच भार. बिनझाकणाचं, मंद आचेवर तासभर ठेवलं तर हा हिशेब कोलमडतो. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. गाळायचं ते आधी, उकळल्यावर नाही. नाहीतर फडक्यातले जंतू परत पाण्यात. त्याच भांड्यात झाकून निवू द्या आणि ओगराळ्याने काढा.

विजेविना चालणारा फिल्टर असेल तर कार्ट्रिजवर लिहिलेले लिटर बघा. १५०० लिटरचं कार्ट्रिज या घरात पाच महिने चालेल.

‘नळाचं पाणी म्हणजे आजाराला आमंत्रण.’

कधी कधी, आणि कारण ठरलेलं असतं. पाणी तासभरच येतं. बाकी वेळ नळ रिकामा, आणि फुटक्या जोडातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी आल्यावर पहिली बादली-दोन बादल्या फरशीला, झाडांना. गावात ग्रामपंचायत ओटी टेस्ट करते: नमुन्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तो नमुना तुमच्या घरच्या नळाचाही घ्यायला सांगा.

दुसरा गुन्हेगार गच्चीवरची टाकी. रिकामी करून घासा, गाळ काढा, परत भरा. हजार लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १५० ग्रॅम. ती थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी ओता. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, रात्रभर ठेवा, मग सगळं सोडून द्या आणि ताज्या पाण्याने धुवा. तोवर ते पाणी पिऊ नका. पावडर उघड्या पिशवीत वर्षभर पडली असेल तर तिच्यात दम नसतो. आणि टॉयलेट क्लीनर जवळ आणू नका, विषारी वायू होतो. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत.

‘बाटल्या भंगारवाला नेतोच.’

लिटरची नेतो. लग्नातली २०० मिलीची, अर्धं पाणी उरलेली, खरकट्यात गेलेली कोण वेचणार? वेचलेल्या बाटलीचाही बहुतेकदा पॉलिस्टर धागा होतो, परत बाटली नव्हे. मंगल कार्यालयात स्टीलचे पेले आणि तोटीचं पिंप मागा. भांडीवाल्याकडे दोन्ही भाड्याने मिळतं. पेले धुणारं माणूस मात्र आधी ठरवा. नाहीतर दुसऱ्या पंगतीला पेले संपतात आणि बाटल्यांचे खोके फुटतात.