मिल्कस्नेकचा रंग पाहून त्याचा स्वभाव कळत नाही

मिल्कस्नेक हा अमेरिका खंडातला बिनविषारी साप. तो पाळायचा विचार करणाऱ्यांमध्ये एक रंगीत तक्ता हातोहात फिरतो आहे. त्यातला दावा असा: गुलाबी-पांढरा अल्बिनो सगळ्यात शांत, नवख्यांनी तोच घ्यावा, गडद लाल-नारिंगी तापट आणि चावरा, काळा सुस्त आणि गरीब. पिल्लाचा रंग पाहिला की पुढची काळजी मिटली. पुरावा म्हणून खाली एक ओळ असते, 'रंग आणि स्वभाव जोडीने येतात, हे कोल्ह्यांवरच्या प्रयोगात सिद्ध झालं आहे.' हा साप नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. एवढा काळ ज्याची जबाबदारी घ्यायची, तो असल्या तक्त्यावरून निवडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी अल्बिनो. यात काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होत नाही. एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठीचं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. म्हणून दिसायला साध्या असलेल्या जोडीच्या एकाच खेपेच्या अंड्यांमधून साधी आणि अल्बिनो पिल्लं शेजारीशेजारी बाहेर येऊ शकतात. अशी दोन भावंडं पाठोपाठ हातात घेऊन पाहा. साधं असो की अल्बिनो, तऱ्हा तीच: अंगाला झटके देत बोटांमधून निसटायला बघतं, शेपटीचं टोक इतक्या वेगानं थरथरवतं की खालच्या कागदावर खरखर ऐकू येते, आणि तरीही सोडलं नाही तर उग्र वासाचा स्राव हाताला फासतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जिवाला वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षीच. तो घाबरतो आणि सुटायची धडपड करतो. अंगावर काळा रंग आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. 'शांत अल्बिनो'ची जी छायाचित्रं दाखवली जातात ती बहुतेक मोठ्या, हाताळणीला सरावलेल्या सापांची असतात. शांतपणा तिथे वयाचा आणि सवयीचा असतो.

लाल-नारिंगी म्हणजे तापट, हा दुसरा मुद्दा. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. पाळणाऱ्यांकडचा ठळक नारिंगी साप बहुतेकदा होंडुरन मिल्कस्नेकचा टँजरीन प्रकार असतो. होंडुरन हा अंगानं मोठा साप, चार फुटांच्या पुढे जाणारा, आणि खाण्याला अतिशय तयार. उंदराचा वास आला की समोर हलेल त्याला तोंड मारतो, मग तो उंदीर असो की बोट. असा चावा ओळखू येतो: साप धरून ठेवतो, चावत राहतो, कधी विळखाही घालतो. घाबरून मारलेला दंश झटक्यात होऊन सुटतो. पहिल्याला तापटपणा म्हणणं म्हणजे भुकेला राग समजणं. त्यावर उपाय सोपा आहे: हात धुऊन मगच पेटी उघडावी, आणि आत हात घालण्याआधी हुकानं, म्हणजे वाकड्या टोकाच्या काठीनं, अंगाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे हे जेवण नाही हे त्याला कळतं. त्याच होंडुरनचा फिकट, हायपो म्हणवला जाणारा रंगप्रकारही भुकेला असताना असाच वागतो. म्हणजे तक्ता ज्याला रंगाचा गुण म्हणतो, तो त्या प्रकारच्या सापाचा गुण आहे. प्वेब्लन मिल्कस्नेक लहानखुरा, साधारण तीन फुटांचा. त्याची पिल्लं पटकन बिचकतात, मग ती ठळक पांढऱ्या पट्ट्यांची असोत की ॲप्रिकॉट रंगाची. विचारायचंच असेल तर 'कोणत्या रंगाचा' याआधी 'कोणता मिल्कस्नेक' हे विचारा.

काळ्याबद्दलचा मुद्दा तर स्वतःच्याच वजनानं कोसळतो. काळा मिल्कस्नेक कोस्टा रिका आणि पनामाच्या डोंगराळ भागातला. तो अंड्यातून बाहेर येतो तेव्हा काळा नसतोच. इतर भाईबंदांसारखे लाल, काळे आणि फिकट पट्टे त्याच्या अंगावर असतात. वाढता वाढता काळा रंग पसरत जातो आणि शेवटी साप सगळा काळा होतो. तक्ता मानायचा तर हाच साप लहानपणी तापट आणि मोठेपणी गरीब. लहानपणी बिचकणारा साप पुढे निवळतो, हे खरंच आहे. पण ते सगळ्याच रंगांच्या मिल्कस्नेकमध्ये होतं.

पिल्लाचा रंग कायम राहतो, हे तक्त्यानं धरलेलं गृहीतही याच उदाहरणानं निकालात निघतं. होंडुरनच्या लाल खवल्यांची टोकंसुद्धा वयाबरोबर काळवंडत जातात. शिवाय कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, रंग मळकट दिसतो आणि धड न दिसल्यामुळे साप जास्त बिचकतो. त्या दिवसांत पाहिलेला साप रंगानंही फसवतो आणि वागण्यानंही.

आता कोल्हे. दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये नोवोसिबिर्स्कला सुरू केलेल्या प्रयोगात चंदेरी कोल्ह्यांमधले फक्त माणसाला न घाबरणारे निवडून पिढ्यानपिढ्या त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांनंतर त्यांच्यात पांढरे ठिपके दिसू लागले. निवड झाली होती स्वभावाची. मिल्कस्नेकच्या रंगप्रकारांची पैदास रंगासाठी होते, तिथे स्वभावाची अशी चाळणी कुणी लावलेली नाही. माणसाळलेल्यांमध्ये ठिपके आले, यावरून ठिपकेवाला प्रत्येक कोल्हा माणसाळलेला ठरत नाही. मग साप तर दूरच. रंगाच्या जनुकाचा वागण्यावर परिणाम झाल्याचं सापांमधलं ठळक उदाहरण आहे ते बॉल पायथन या छोट्या अजगराच्या 'स्पायडर' रंगप्रकाराचं: त्यात डोकं डुलतं, तोल जातो. तो मज्जासंस्थेशी जोडलेला दोष आहे. त्याला स्वभाव म्हणता येत नाही.

तक्त्यातली सगळ्यात घातक ओळ तळाशी असते: शांत रंगाचे दोन साप एकत्र ठेवता येतात. मुळीच नाही. मिल्कस्नेक हे किंगस्नेकच्याच कुळातले, दुसरे साप खाणारे. एका पेटीत एकच साप.

मग निवडायचा कसा? विकणाऱ्याला पिल्लू पेटीबाहेर काढायला सांगा आणि पाच मिनिटं बघत राहा. पहिल्या मिनिटाच्या धडपडीला महत्त्व देऊ नका. नंतर ते जीभ लपलपवत हातावरून सरकू लागलं, बोटांना धरून राहिलं, तर पुरेसं आहे. अंग अगदीच ढिलं, निपचित वाटलं तर ते शांत आहे असं समजू नका, आजारी असू शकतं. डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीखाली बारीक काळे ठिपके, म्हणजे माइट्स हे रक्त पिणारे किडे, दिसतात का पाहा. सगळ्यात महत्त्वाचं, ते गोठवून मग वितळवलेला उंदीर स्वतःहून खातं का आणि शेवटचं कधी खाल्लं, हे विचारा. लहान जातींची काही पिल्लं सुरुवातीला सरडे सोडून काही खात नाहीत आणि नवखा माणूस हतबल होतो. जमलं तर वर्षभराचं, नेमानं खाणारं पिल्लू घ्या, कारण तेवढ्या वयापर्यंत त्याचं वागणं बरंचसं कळलेलं असतं. या सगळ्यात दोन पिल्लं सारखी उतरली, तर जे डोळ्यांत भरेल ते खुशाल घ्या.