को-ऑपमध्ये मित्राला मारायचे सोपे मार्ग

दोघांनी मिळून एलियन मारायचे, असा को-ऑप गेमबद्दल काही भोळ्या लोकांचा समज असतो. परवा रात्री एका मित्राने माझा तो समज मुळासकट उपटून टाकला, त्याबद्दल त्याचे आभार. त्याच्याकडून जे शिकलो ते चार लोकांपर्यंत पोचवणं मी माझं कर्तव्य समजतो. गेम होता जुना कॉन्ट्रा, १९८८ चा निन्टेंडोवाला, पण ही विद्या पळत पळत गोळ्या झाडायच्या कुठल्याही गेममध्ये चालते.

सुरुवातीला फक्त पळा. मित्र अजून कंट्रोलर नीट धरतोय, त्याला कुठलं बटण उडीचं तेच कळत नाहीये, हीच वेळ. पहिल्या जंगलाच्या लेव्हलला पूल लागतो, त्यावर पाय पडला की तो तुकड्या-तुकड्याने उडायला लागतो. तुम्ही पलीकडे, मागचा धप्पकन पाण्यात. मरत नाही तो, येतो बिचारा पाण्यातून चालत, फक्त तोवर वाटेतली सगळी कॅप्सूलं, म्हणजे फोडली की नवी गन देणारे डबे, तुम्ही फोडून झालेली असतात.

कॅप्सूलमधून एस पडला तर विचार करायचा नाही, झडप घालायची. एस म्हणजे एका वेळी पाच गोळ्या पसरून जातात, त्याच्याशिवाय या गेममध्ये जगणं अवघड आहे हे लहान पोरालाही माहितीये, म्हणूनच तो तुमच्याकडे हवा. आणि तुमच्याकडे आधीच एस असेल तरी दुसरा एस सोडू नका! गोळ्या पाचाच्या दहा होत नाहीत, मान्य, पण शेजारचा ती साधी फुसकी बंदूक घेऊन टिक टिक टिक करत फिरतोय हे बघण्यात जे समाधान आहे ते वेगळंच. घेतल्यावर लगेच मरा. मेलं की गन जाते, म्हणजे आता तुमच्याकडेही नाही आणि त्याच्याकडेही नाही, याला म्हणतात समानता. चुकून एल घेतलात तर 'हा लेझर एकदम बंडल आहे' म्हणत बटण बडवत राहा. किरण पूर्ण जाईपर्यंत थांबायचं असतं, पुन्हा दाबलं की आधीचा तिथल्या तिथे गायब होतो, पण एवढा धीर कोणाला आहे.

मेटल स्लग नावाच्या गेममध्ये रणगाडा दिसला की तुम्हीच बसा. चालवता येत नसेल तर अजून उत्तम.

ब्रोफोर्समध्ये चौघांना एकत्र खेळता येतं, म्हणजे तिघांच्या पायाखालची जमीन उडवता येते.

कपहेडमध्ये जोडीदार मेला की त्याचं भूत हळूहळू वर जायला लागतं, ते स्क्रीनबाहेर जायच्या आत उडी मारून, हवेतच परत उडीचं बटण दाबून त्याला थापटलं (याला पॅरी म्हणतात) तर तो परत येतो. जाऊ दे त्याला. नंतर म्हणायचं, 'अरे मी बॉसकडे बघत होतो.' दोघं खेळतायत म्हणून बॉसचं हेल्थ गेमने वाढवून ठेवलेलं असतं ते वेगळं, पण ते आता तुमचं तुम्ही बघा, हिरो तुम्हीच आहात.

आणि मेलात की लॅग होता, म्हणजे नेट अडकत होतं, म्हणा. एकाच टीव्हीसमोर, एकाच सोफ्यावर बसून खेळत असलात तरी लॅगच होता.

आता धबधबा. कॉन्ट्राची तिसरी लेव्हल. ज्यांनी मित्रासोबत खेळलीये त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, तरी मी सांगणार आहे कारण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. इथे आडवं पळायचं नसतं, फळ्या-फळ्यांवर उड्या मारत वर चढायचं असतं, स्क्रीन वरच्याबरोबर वर सरकते आणि एकदा सरकली की परत खाली येत नाही, म्हणजे खालचा ज्या फळीवर उभा राहणार होता ती फळीच आता शिल्लक नाही, आणि स्क्रीनच्या खाली गेला तो मेला. इथे तुम्हाला शत्रूची गरजच नाही. फक्त वर जात राहा. मित्र म्हणेल 'थांब'. थांबू नका. मग म्हणेल 'थांब थांब थांब अरे थांब ना', तेव्हा अजून एक उडी. तो मेला. परत आला, सावरायच्या आत तुम्ही अजून दोन फळ्या वर, परत मेला. आणि मग मान जराही न वळवता एकदम काळजीच्या आवाजात विचारायचं, 'तू सारखा मरतोस कसा रे?' हे वाक्य विसरू नका, सगळा परिणाम त्यात आहे. वर 'मी पुढचा रस्ता क्लिअर करत होतो' असंही म्हणता येतं. कसला रस्ता? वरून दगड गडगडत येतायत ते तसेच खाली येतायत, वरच्या माणसाने एक गोळी झाडलेली नाही, बाजूचे सैनिक तसेच उभे, आणि खालचा मूर्ख दगड चुकवू की सैनिक मारू की उडी मारू, आणि उडी मारली तर खाली फळी उरली असेल का, या विचारात असतानाच मरतोय, आणि वर हा एस घेऊन एकटाच नाचतोय! दोन सेकंद. दोन सेकंद थांबायला सांगितलं होतं. वर काय बस सुटत होती का?

असो. मुद्द्यावर येतो.

आडव्या लेव्हलला याच्या बरोब्बर उलट करायचं. मागच्या कडेला जाऊन उभं राहायचं आणि फोन बघायचा. तुम्ही मागे चिकटलात की स्क्रीन पुढे सरकत नाही, आणि पुढचा उजव्या कडेला अडकून गोळ्या खात बसतो.

शेवटची गोष्ट लाइफची. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे सगळ्यांना पाठ असतंच. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने हा कोड मुळात १९८६ च्या ग्रेडियसमध्ये घातला कारण टेस्ट करताना त्याला स्वतःलाच तो गेम जड जात होता, किती प्रामाणिक माणूस बघा. कॉन्ट्रात या कोडने तीनाच्या तीस लाइफ मिळतात. तुम्ही आधी म्हणायचं, 'कोड कशाला, चीटिंग आहे ते.' मग कोड टाकू द्यायचा. मग आपल्या तीस उडवायच्या, बिनधास्त, गोळीच्या समोर जाऊन. आणि संपल्या की ए दाबायचं. या गेममध्ये तशी सोय आहे, जोडीदाराच्या साठ्यातून एक लाइफ तुमच्याकडे येते. गेम त्याला विचारत नाही, देऊ का म्हणून. तुम्हीही विचारू नका. परत मरा, परत दाबा. तो विचार करतोय, आपण मेलोच नाही तर आपल्या लाइफ कमी कशा होतायत, आणि तुम्ही गप्प बसून...

गप्प बसून! अरे माणसा, तोंड आहे ना तुला? 'एक घेऊ का' एवढं विचारायला काय होतं? मी नाही म्हटलं असतं का? मी जपून जपून, कोपऱ्यात बसून, एकेक लाइफ वाचवत शेवटच्या लेव्हलपर्यंत आणल्या, आणि त्या तू उड्या मारण्यात घालवल्यास. आणि शेवटचा बॉस समोर असताना दोघं एकदम संपलो तर म्हणे 'हा गेमच अनफेअर आहे'. गेम नाही रे अनफेअर. थांब म्हटलं की थांबायचं, समोरच्याकडे गन नसेल तर एक सोडायची, लाइफ घ्यायच्या आधी विचारायचं, एवढंच असतं, यात अवघड काय आहे? आणि ते जमत नसेल तर एकटा खेळ ना बाबा. वन प्लेअरचा ऑप्शन वरच असतो, पहिलाच.