काणकोणात लाव्हा आला कुठून?

सध्या एक रील सगळीकडे फिरतंय. दक्षिण गोव्यात काणकोणकडे म्हणे ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचा एक गुप्त किनारा आहे, त्याला अजून माणसाचा हात लागलेला नाही, आणि ती वाळू अंगाला फासली की सांधेदुखी पळते. एका मिनिटात तीन थापा, वर 'हिवाळ्यात तंबू घेऊन जा' हा सल्ला फुकट.

आधी लाव्हाचं बघू. उकळता लाव्हा समुद्रात शिरला की पाण्याने तडकतो, त्याचा चुरा होतो आणि तो किनाऱ्यावर साचतो. हवाईतल्या पुनालुऊची काळी वाळू अशी झाली. त्याला शेजारी ज्वालामुखी लागतो. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. काणकोणात आहे तो ग्रॅनाइट, दोन अब्ज वर्षांहून जुना.

'मग दख्खनचा लाव्हा?' हा प्रश्न रास्त आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ते थर गोव्याच्या ईशान्य कोपऱ्याला, सुर्ला-चोर्ल्याच्या बाजूला, जेमतेम शिवतात. तिळारीचं पाणी उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीत उतरतं, त्यामुळे उत्तरेकडच्या वाळूत बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, झिजून आलेले कण सापडले तर नवल नाही. तळपण आणि गालजीबाग या काणकोणातल्या नद्या मात्र त्या खडकाच्या वाटेलाच जात नाहीत. म्हणजे थाप मारायचीच होती तर निदान उत्तरेकडच्या पेडण्यात तरी मारायची!

मग ते काळं काय दिसतं? बहुधा इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, ही लोह असलेली जड काळी खनिजं. नेहमीच्या पांढऱ्या वाळूतल्या क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, इल्मेनाइटची साधारण ४.७ पट. पावसाळी लाटा हलके कण ओढून नेतात, जड कण मागे राहतात आणि काळा पट्टा उघडा पडतो. पावसाळा सरला की पांढरी वाळू परत येऊन तो झाकते. काळा पट्टा हाताने उकरून बघा, थोडं खाली पुन्हा पांढरीच लागेल. रत्नागिरीच्या काळबादेवी-मिऱ्याकडे इल्मेनाइटचे साठे आहेत, तिथल्या लोकांना यात काहीच अद्भुत वाटत नाही. 'चुंबकाला चिकटते, म्हणजे लाव्हाच' हा पुरावाही फोल आहे, कारण मॅग्नेटाइट ग्रॅनाइटातही असतं. आणि मे-जूनमध्ये काळं काही पायाला चिकटलं, तर ती वाळूच नव्हे. जहाजांनी सोडलेल्या तेलाच्या त्या गुठळ्या. खोबरेल तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

सांधेदुखीबद्दल फार लिहीत नाही. काळ्या वाळूने ती बरी होते याला पुरावा नाही. केरळात चवऱ्याच्या काळ्या वाळूत तर किरणोत्सर्गी थोरियम असलेलं मोनाझाइट हे खनिजही असतं. काळी वाळू दिसली की अंगाला फासायची, ही कसली सवय?

राहिलं 'माणसाचा हात न लागलेला'. शॅक नाही म्हणजे माणूस नाही, हा शोध कुणाचा? रापणकार पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जाळी ओढतात. आणि काही ठिकाणी बांधकाम नाही ते कायद्यामुळे. २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग ही कासवांची विणीची ठिकाणं म्हणून नोंदली आहेत. त्यातली शेवटची दोन काणकोणातली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात ती साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे रीलवाल्याने तंबूसाठी सुचवलेल्याच दिवसांत. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात. तिथे शेकोटी पेटवली तर पिल्लं समुद्राऐवजी शेकोटीकडे जातात.