पंचनामा झाला, फोटो निघाले, आता गाडी परत द्या

म्हापसा घ्या, फोंडा घ्या, मडगाव घ्या. पोलीस स्थानकाच्या आवारात कुंपणाला लागून गंजलेल्या गाड्यांची रांग असतेच. टायर बसलेले, सीट फाटलेल्या, चाकांतून रान वर आलेलं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. उघड्यावर ठेवलेली गाडी टिकणार किती? आणि यातले सगळेच मालक काही आरोपी नसतात. कुणाची चोरीला गेलेली स्कूटर सापडलेली असते, कुणाची अपघाताच्या गुन्ह्यात अडकलेली.

आमच्या वाड्यावरच्या एका पायलटची, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्याची, मोटारसायकल अशीच जप्त झाली. आरटीओची तपासणी झाली, पंचनामा झाला, फोटो निघाले. तपासाला त्या गाडीकडून आणखी काहीही नको होतं. तरी ती तिथेच पडून राहिली, कारण सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तरी त्याचं भाडं बंद आणि गाडीचा हप्ता चालू. मला याची चीड येते, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे, आणि आजचा नाही, केव्हापासूनचा आहे.

२००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू, पोलीस स्थानकात १५ दिवस, फार तर महिनाभर ठेवावा. गाडीचे फोटो काढा, पंचनामा करा, बाँड (हमीपत्र) आणि जामीन घ्या आणि मालकाला द्या. खटल्यात फोटो पुरावा म्हणून चालतील. दागिन्यांचंही तेच. मंगळसूत्र हिसकावलं गेलं, चोर सापडला, सोनं सापडलं, तरी खटला संपेपर्यंत ते मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठारात, का राहावं? त्या बाईचा काय गुन्हा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम ४९७ ने मुदतच घातली: वस्तू कोर्टापुढे आली की १४ दिवसांत वर्णनाची यादी, सोबत फोटो, गरज पडल्यास व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत ती कुणाला द्यायची, नष्ट करायची की सरकारजमा करायची याचा आदेश. चांगली तरतूद आहे. पण घोळ पहिल्याच पायरीवर आहे. मुदत मोजायची ती वस्तू कोर्टापुढे आल्यापासून. गाडी आवारातच राहिली तर ती मुदत सुरू होणार कधी?

जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची, हे याच संहितेच्या कलम १०६ मध्ये पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते: वस्तू ठेवायला जागा नसेल किंवा तपासाला तिची गरज उरली नसेल, तर पोलीस स्वतः बाँड घेऊन ती कुणाच्याही ताब्यात देऊ शकतात. हा अधिकार रोज वापरला तर निम्मी आवारं रिकामी होतील, असं माझं ठाम मत आहे.

सगळंच सोडा असं मी म्हणत नाही. चॅसी नंबर खोडलेली गाडी किंवा रक्त लागलेला कोयता ठेवावाच लागतो. पण अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली गाडीसुद्धा खटला चालू असताना सोडता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे प्रकरणात म्हटलंय. मग साध्या अपघातातल्या स्कूटरला अर्ज, पोलिसांचा से (लेखी म्हणणं), पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख, हे कशाला? दंडाधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतल्या स्थानकाकडून दर महिन्याला मुद्देमालाची यादी मागवावी आणि अर्जाची वाट न बघता आदेश द्यावेत. मालकाला वकील परवडतो की नाही यावर त्याची गाडी अवलंबून राहू नये.

तोवर कुणाची वस्तू अडकली असेल तर आरसी, विमा, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत घेऊन दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात लगेच अर्ज करा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि आपल्या वाड्यावर कुणाची गाडी अशी पडून असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.